कॉस्टिक प्यालेली माती

सिव्हिलच्या प्रयोगशाळेत माझं मुख्य काम फोडायचं. गावोगावच्या पुलांचे, टाक्यांचे, घरकुलांचे काँक्रीटचे क्यूब पोत्यात भरून येतात. ओल पुसायची, माप घ्यायचं, सीटीएममध्ये, म्हणजे दाबून फोडायच्या यंत्रात, ठेवायचा आणि फुटेस्तोवर दाबायचा. काटा जिथून मागे फिरतो तो आकडा रजिस्टरात लिहायचा. पदाचं नाव प्रयोगशाळा साहाय्यक. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी ही फोडाफोड वर्षानुवर्षं करत आलोय. घरची शेती कळंब तालुक्यात, काळ्या रानात. त्यामुळे मातीच्या चाचण्या माझ्याकडे आल्या तेव्हा मला त्यात शिकण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मातीत तर वाढलोच होतो.

शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्ट लागतो. बहुतेक पोरं सिमेंटमध्ये काहीतरी मिसळतात: राख, प्लास्टिक, नारळाची करवंटी, काचेचा चुरा. क्यूब भरतात, मी फोडतो, आलेख निघतो, पदवी मिळते. एका वर्षी विभागातल्या एका सरांनी वेगळा विषय दिला. मातीपासून दगडासारखा कठीण पदार्थ करायचा, सिमेंटचा कण न वापरता आणि वीट भाजतात तसं न भाजता. विषयाचं नाव जिओपॉलिमर. पोरांचा प्रोजेक्ट संपला, पोरं पुण्याला नोकरीला गेली, विषय माझ्याकडे राहिला. सुट्टीच्या दिवशीही मी त्यात हात घालू लागलो.

यामागची गोष्ट फार नवी नाही. कीव शहरात विक्टर ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात माती, भट्टीची मळी आणि अल्कली एकत्र करून सिमेंटसारखं काम करणारा पदार्थ बनवला होता. पुढे फ्रान्समध्ये जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याला जिओपॉलिमर हे नाव दिलं. पिरॅमिडचे दगड कापून आणलेले नाहीत, असेच साच्यात ओतलेले आहेत, असंही ते म्हणतात. इजिप्तच्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. क्यूब उचलून उचलून पाठ धरलेल्या माणसाला मात्र ती कल्पना आवडते.

आत काय घडतं ते असं. मातीत सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी बांधलेले असतात. कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण ती बांधणी सोडवतं. सुटलेले तुकडे मग आपसांत नव्याने जोडले जातात आणि त्यांचं जाळं घट्ट होत जातं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं, पाणी त्याच्या अंगात राहतं. इथे उलट, जाळं जुळताना पाणी बाहेर पडतं. म्हणून सिमेंटसारखं यावर पाणी मारत बसायचं नसतं. हे आमच्या जुन्या मिस्त्र्याला अजून पटलेलं नाही. संधी मिळाली की तो बादली घेऊन येतोच.

द्रावणात दोन गोष्टी असतात, कॉस्टिकच्या पापड्या आणि सोडियम सिलिकेट. दोन्ही यवतमाळच्या बाजारात साबणाचं सामान विकणाऱ्याकडे मिळाल्या. धुण्याच्या साबणात सिलिकेट घालतातच. दुकानदाराने कोणता साबण काढणार म्हणून विचारलं. विटा म्हटल्यावर त्याने पैसे आधी मागितले.

अडचण पहिल्याच ओळीत होती. सरांनी दिलेल्या शोधनिबंधांत नुसतं लिहिलेलं असायचं, नैसर्गिक माती. आमच्या जिल्ह्यात कोणी असं बोलत नाही. माती म्हटलं की पुढचा प्रश्न, कुठची? जिल्ह्याचा बराचसा भाग लाव्हाच्या दगडावर बसलेला. यवतमाळ, दारव्हा, पुसद, दिग्रस, उमरखेड, सगळीकडे खाली बेसाल्ट आणि वर त्याचीच झिजून झालेली काळी किंवा बरड माती. पूर्वेला वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे गेलं की जमिनीचं रूपच पालटतं. तिथे कोळसा आहे, चुनखडी आहे, वाळूचा दगड आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या त्या चुनखडीवर पेटल्या. मुकुटबनला २०२२ पासून सिमेंटचा मोठा कारखाना चालू आहे, तोही त्याच दगडाच्या भरवशावर. एकाच जिल्ह्यात दोन वेगळ्या पृथ्व्या आहेत म्हणा ना.

पोरांनी अर्थात जवळची माती उचलली, कॉलेजमागच्या रानातली काळी. वाळवली, कुटली, चाळली. दहा मोलरचं द्रावण केलं, म्हणजे लिटरभर द्रावणात ४०० ग्रॅम कॉस्टिक. पापड्या पाण्यात पडल्या की बादली हाताला चटका देईल इतकी तापते. हातमोज्याला भोक असेल तर कळायला वेळ लागत नाही. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत होतात. तो साबणच असतो, आपल्याच कातडीच्या तेलाचा.

काळ्या मातीत द्रावण ओतलं की ती आधी ते सगळं पिऊन टाकते. पुन्हा ओतलं, पुन्हा पिते. शेवटी तिचा चिकट गोळा होतो, साच्यात बसत नाही, काठीपासून सुटत नाही. तरीही क्यूब भरले. सत्तर पूर्णांक सहा मिलिमीटरचे छोटे साचे असतात, मसाल्याच्या चाचणीचे. ओव्हनमध्ये तापवले. बाहेर काढले तेव्हा काळेभोर, कडक, नखाने ओरखडा निघत नव्हता. यंत्रात चांगला आकडा आला. पोरांनी फोटो काढले.

मी एक क्यूब पाण्याच्या टबात ठेवला. वीट असली की पाण्यात घालून पाहायची, ही सवय. संध्याकाळी जाताना पाहिलं तर कडा फुगल्या होत्या. सकाळी टबात क्यूब नव्हता, काळा चिखल होता, आणि पाणी चहासारखं गढूळ, काही केल्या निवळेना.

ते न निवळणारं पाणी पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. हे मी आधी पाहिलं होतं. अमरावती-अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. माझी आत्या तिकडे दिलेली. तिथल्या चोपण जमिनीत पाऊस पडला की पाणी असंच दिवसेंदिवस गढूळ साचून राहतं, माती मरते, वाळली की दगड होते. कारण सोडियम. काळ्या मातीतली चिकणमाती मॉन्टमोरिलोनाइट जातीची, पापुद्र्यावर पापुद्रे. पापुद्र्यांच्या मध्ये कॅल्शियम असला तर ती मर्यादेत फुगते, सोडियम शिरला तर पापुद्रे एकमेकांना सोडून पाण्यात पांगतात. शेतकरी चोपण जमिनीला जिप्सम देतात ते सोडियमला हुसकून कॅल्शियम आत बसवायला. आणि आम्ही चांगल्या मातीत बादलीभर सोडियम ओतत होतो. साच्यात भरून चोपण तयार करत होतो.

सरांना हे सांगितलं. त्यांनी वाचून पाहिलं आणि मान्य केलं की काळ्या मातीतला मोठा हिस्सा कॉस्टिकला दादच देत नाही. ती आधी भाजावी लागते, आणि भाजूनही चिनी मातीच्या जातीइतकी ती कामाला येत नाही. रस्त्याखालच्या काळ्या मातीला राख आणि अल्कली देऊन तिचं फुगणं कमी करता येतं, असे प्रयोग देशात बरेच झालेत. पण माझं मत विचाराल तर रस्त्याखालच्या काळ्या मातीला राजूरचा चुना द्या. चुन्यात कॅल्शियम आहे, स्वस्त आहे, आणि तो टाकायला शास्त्रज्ञ लागत नाही. प्रत्येक आजाराला एकच औषध नसतं. नवीन तंत्र हाती आलं की ते जिथे तिथे वापरून पाहायचा मोह होतो, आणि प्रोजेक्टचे विषय बहुतेक त्याच मोहातून निघतात.

मग कोणती माती घ्यायची, हे मला कळलं ते कुंभारवाड्यात, ओळखीच्या एका कुंभारकाकांकडून.

आमच्या प्रयोगशाळेत मातीचा लवचिकपणा मोजायची चाचणी आहे. ओली माती काचेवर तळहाताने वळायची, तिची तीन मिलिमीटर जाडीची दोरी झाली आणि तिथेच तडकू लागली की तिचं पाणी मोजायचं. भारतीय मानक २७२० मध्ये ती लिहिलेली आहे. कुंभारकाकांनी माझ्यासमोर हेच केलं, फक्त काच नव्हती, मांडी होती. दोरी वळली, बोटाभोवती गुंडाळून तिची अंगठी केली. अंगठीला बाहेरच्या अंगाला भेग पडली तर ती माती चाकाला नाही. मग चिमूटभर जिभेवर ठेवली.

‘‘खारट लागली का सोडून द्याची,’’ ते म्हणाले. ‘‘भाजल्यावर पांढरं फुटते, मंग गिराईक वापस आनते.’’

माझ्याकडच्या नमुन्यांच्या पिशव्या त्यांनी एकेक उघडून पाहिल्या. काळीला त्यांनी हातही लावला नाही. विहिरीतून काढलेली लाल माती होती. बेसाल्टच्या दोन थरांच्या मध्ये असा लाल पट्टा सापडतो. एका लाव्हावर माती तयार झाली, तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून लाल झाली. विहीर खोदणाऱ्यांना हा पट्टा चांगला ठाऊक असतो. मला तिच्याकडून फार आशा होती, आधीच भाजलेली म्हणून. काकांनी दाताखाली धरली, थुंकली. ‘‘रंगाले बरी. अंगात काही नाई.’’ नंतर पाहिलं तर तेच निघालं. लोखंडामुळे रंग सुरेख येतो, पण चिकणमाती पुन्हा त्याच फुगणाऱ्या जातीची. ती मी आता रंगापुरतीच टाकतो.

तिसऱ्या पिशवीत फिक्कट करडी, साबणासारखी मऊ माती होती. वणीकडच्या एका नातेवाइकाने आणून दिली होती, कोळशाच्या खाणीवरून उपसलेल्या ढिगाऱ्यातली. काका थांबले. पुन्हा भिजवली, पुन्हा दोरी वळली. ‘‘हे कुठची?’’ ठिकाण सांगितल्यावर म्हणाले, ‘‘चाकाले आखूड आहे. पन आगीले घाबरनार नाई हे.’’

आगीला न घाबरणारी माती म्हणजे केओलिनाइटची, चिनी मातीच्या घराण्यातली. कोळशाच्या थरांच्या वर-खाली अशी माती मिळते, चंद्रपूर भागात फायरक्ले निघते तीही त्याच वळणाची. तिचे पापुद्रे फुगत नाहीत. सातशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्या अंगात बांधलेलं पाणी निघून जातं, रचना मोडते, आणि मग कॉस्टिक तिला सहज विरघळवतं. त्या भाजलेल्या पिठाला मेटाकेओलिन म्हणतात. जगातलं जिओपॉलिमरचं बरंचसं चांगलं काम याच्यावर झालंय.

मातीत केओलिन किती, याचा अंदाज घ्यायला प्रयोगशाळेतली मफल भट्टी पुरते. माती १०५ अंशांवर वाळवून वजन करायची, मग सातशेला तापवून पुन्हा वजन. शुद्ध केओलिन सुमारे १४ टक्के वजन गमावतं. आमची करडी माती जास्तच गमावत होती. पोरं खूश, शुद्धाहून शुद्ध म्हणून. पण ती कोळशाच्या शेजारची, तिच्यात कोळशाचीच पूड होती, तीही जळून जात होती. भट्टीचं दार उघडलं की वास यायचा, मूस काढली की कडेला गुलाबी आणि मध्यभागी राखाडी डाग. तो डाग म्हणजे न जळलेला कोळसा. थर पातळ पसरून, मध्ये एकदा हलवून तापवलं की पूर्ण गुलाबी-पांढरी होते. शेवटी नमुना एक्स-रे तपासणीला नागपूरला पाठवला तेव्हा केओलिनाइटच्या रेषा स्वच्छ दिसल्या. सोबत वाळूही भरपूर होती. वाळूचं आम्हाला वाईट वाटलं नाही, ती नाही तरी बाहेरून घालावीच लागते.

या मातीचा क्यूब टबात ठेवला तो आजही टबात आहे.

आता वेळ तापवण्याची. माती भाजली म्हणजे काम संपत नाही, ओतलेल्या क्यूबलाही ऊब लागते, विशेषतः मिश्रणात औष्णिक केंद्राची राख घातली तर. आम्ही घालतो, चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र शेजारीच आहे, राखेला तोटा नाही. राखेच्या जिओपॉलिमरवर महाराष्ट्रात चांगलं काम झालंय. पाटणकर, घुगल आणि जामकर या प्राध्यापकांनी कॉस्टिकची तीव्रता आणि तापमान यांचा मेळ घालून २०१४ मध्ये निबंध लिहिला, तो आमच्या प्रयोगशाळेत छापून टांगलेला आहे. साधारण साठ ते ऐंशी-नव्वद अंश, चोवीस तास, असा त्या प्रकारच्या कामाचा हिशेब. ओव्हन चोवीस तास चालवायचं म्हणजे विजेचं बिल, आणि साहेबांचा चेहरा.

यवतमाळच्या मे महिन्याचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. सावलीत पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याची पेटी आतून काळी रंगवली, वर काच, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले साचे. दुपारी आतलं तापमान साठच्या वर जातं. रात्री उतरतं, सकाळी पुन्हा चढतं. चोवीस तासांचं काम तीन-चार दिवसांत होतं इतकंच. प्लास्टिक नीट गुंडाळलं नाही तर पाणी लवकर उडतं आणि अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. पावसाळ्यात ही पेटी बंद. हंगामी उद्योग आहे, आमच्याकडचे बहुतेक उद्योग तसेच.

लोणा हा दुसरा त्रास. चांगला झालेला तुकडा पंधरवडाभर शेल्फवर ठेवला की त्यावर पांढरी लव फुटते. जोडणीत न वापरलेला सोडियम ओलाव्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून सोडा होतो. कुंभारकाका म्हणाले होते तेच, पांढरं फुटते. कॉस्टिक कमी केलं की ताकद जाते, जास्त केलं की लोणा येतो. योग्य माप मातीगणिक वेगळं. शोधनिबंधातलं माप तसंच उतरवून चालत नाही, कारण निबंधातली माती वणीची नसते.

तंतू घालून पाहणं ओघानेच आलं. जिओपॉलिमर ताणाला कच्चं, चिनी मातीच्या बशीसारखं एकदम तुटतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वॉल्ट्रॉड क्रिवेन यांनी यात बेसाल्टचे तंतू घालून बरंच काम केलंय. बेसाल्ट म्हणजे आमच्या पायाखालचाच दगड, वितळवून धागा काढलेला. झरी तालुक्यातही शिबला गावाजवळ त्याचे षटकोनी खांब निघाले तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले होते. दगड इथला, धागा मात्र विकत आणावा लागला. त्याची जाळी मध्ये घालून ओतलेली पट्टी वाकते, भेगा पडतात, पण दोन तुकडे होऊन खाली पडत नाही. अंबाडीचा वाखही घातला. तो फुकट मिळाला. कच्चा घातला तर कॉस्टिकमध्ये त्याचा पिवळा-तपकिरी रस उतरतो आणि मिश्रण घट्ट व्हायला तयार होत नाही. आधी पातळ कॉस्टिकमध्ये उकळून धुतला की चालतो. छपराच्या हलक्या फरशीला पुरेसा आहे. किती वर्षं टिकेल ते वर्षं गेल्यावरच कळेल.

कुंभारकाकांना मी एकदा तयार तुकडा नेऊन दाखवला. त्यांनी तो कानाशी नेऊन नखाने वाजवला. ‘‘आवाज तं पक्क्याचा हाये. भट्टी कुठं लावली?’’ नाही लावली म्हटल्यावर विश्वास बसेना. मग त्यांचा पहिला प्रश्न, ‘‘ह्याचा माठ होईन का?’’ माठ नको म्हणालो. पाण्यात अल्कली उतरते, ते पाणी प्यायचं नाही. पण शेगडीचं आतलं कडं, चुलीच्या विटा, कुंड्या, फरशा होतील. तापवत नेलं तर हे जिओपॉलिमर हजार अंशांच्या पुढे खऱ्या सिरॅमिकमध्ये बदलतं. वर्ध्याला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने कुंभारांच्या चाकावरच्या शंकूच्या कौलांची एकात एक घालून छताची कमान केली होती. तशी कौलं यात ओतता येतील असं मला वाटत होतं. काकांनी हात पुढे केला, तुकडा परत दिला. ‘‘ह्यात चाक कुठं आहे? हे तं साच्याचं काम. साचा कोनीबी भरन.’’ त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती.

ओळखीच्या एका वीटभट्टीवाल्याचं म्हणणं वेगळं. तो हिशेबी माणूस. १९९९ च्या अधिसूचनेपासून त्याला औष्णिक केंद्राजवळच्या भट्ट्यांनी मातीत राख मिसळायची हे पाठ झालेलं. नवीन काही आलं की नवीन नियम येणार, एवढंच त्याच्या डोक्यात. त्याला मी आकडे दिले. माझ्या मिश्रणाने हजार विटांना जवळपास ५० किलो कॉस्टिक लागतं, म्हणजे एक पोतं, आणि सिलिकेट वेगळं. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या विटेला ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरची ताकद पुरते. माझी वीट त्याच्या कितीतरी पुढे होती. ‘‘एवढी ताकद घेऊन करू काय भाऊ? गिराईक तर साधी वीट मागते,’’ तो म्हणाला. खरं आहे. साध्या भिंतीला ही वीट म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचं इंजिन. पर्यावरणाचा मुद्दाही मी मांडला: सिमेंटचं क्लिंकर करताना टनामागे नुसत्या चुनखडीतूनच अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, मातीतून पाणीच निघतं. पण मलाच तो अर्धवट वाटला. कॉस्टिक मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून काढतात, सिलिकेट वाळू वितळवून करतात, माझी माती सातशेला भाजते. बिनभट्टीची वीट म्हणणं फसवं आहे. भट्टी दुसऱ्या गावी पेटलेली असते. सिमेंटच्या बदल्यात वापरलं तर फायदा नक्की आहे, मातीच्या कच्च्या भिंतीच्या बदल्यात वापरलं तर नुकसान.

आणि त्याच्या भट्टीवर मी जे पाहिलं त्याने हिशेब संपलाच. बायका अनवाणी, उघड्या हातांनी गारा तुडवत होत्या, कडेला झोळीत लेकरू. त्या गाऱ्याच्या जागी माझं मिश्रण मी डोळ्यांसमोर आणलं. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आमच्या प्रयोगशाळेत चष्मा आहे, हातमोजे आहेत, नळ दोन पावलांवर आहे, तरी पोरांना ओरडावं लागतं. गावोगावी सोपं तंत्र म्हणून हे वाटून देण्याची भाषा मी परिसंवादांत ऐकली आहे. बोलणाऱ्यांनी बादली स्वतः ढवळलेली नसावी. हे छपराखाली, शिकलेल्या हातांनी, साच्यात ओतून करायचं काम आहे. २०२० मध्ये आलेलं भारतीय मानक १७४५२ सुद्धा कारखान्यात ओतून तयार केलेल्या वस्तूंपुरतंच बोलतं, आणि ते बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात टूवूंबाजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर याच जातीचं काँक्रीट धावपट्टीच्या आवारात ओतलं, तेही बंदोबस्ताने. खरं सांगायचं तर आमच्या करड्या मातीला बाजारात आधी दुसरीच वाट मिळेल: भाजलेली माती, चुनखडी आणि क्लिंकर मिळून होणाऱ्या सिमेंटचं मानक २०२३ मध्ये आलंय, आणि वणी-मुकुटबनच्या पट्ट्यात माती आणि चुनखडी शेजारी शेजारी आहेत.

तरी मी सोडलेलं नाही. गेल्या काही महिन्यांपासून कॉस्टिकची बादली बाजूला ठेवली आहे. भाजलेली माती, राख, राजूरचा विझवलेला चुना आणि धुण्याचा सोडा, सगळं कोरडं मिसळायचं आणि वापरताना फक्त पाणी घालायचं. ओलं झालं की चुना आणि सोडा मिळून आतल्या आत कॉस्टिक तयार होतं, थोडं थोडं, आणि चुन्याचा खडू होऊन तो भरण म्हणून राहतो. साबण करणारे पूर्वी कॉस्टिक असंच काढत. हातमोजे लागतातच, पण पोत्यात पापड्या नाहीत, ढवळताना बादली तापत नाही. घट्ट व्हायला वेळ लागतो, ताकद अर्ध्यावर येते, लोणा कमी. कॅल्शियम आल्यामुळे पाण्यातही चांगलं टिकतं.

भट्टीवाल्याला विटा नकोत, पण त्याच्या गोठ्यातली सिमेंटची फरशी गोमूत्राने खरवडून निघालीये. जिओपॉलिमर आम्लापुढे आणि क्षारांपुढे सिमेंटपेक्षा जास्त टिकतं, हे त्याला पटलं. एका खणापुरत्या फरशा ओतून दिल्यात, मे महिन्याच्या पेटीत पिकवलेल्या. पोळा झाला की बसवायच्या. मिस्त्र्याने नमुना म्हणून थोडं मिश्रण थापीवर घेऊन पाहिलं आणि दर सांगितला, सिमेंटच्या कामाच्या दीडपट.

‘‘सिमेंट थापीले सोडते जी,’’ तो म्हणाला, ‘‘हे सोडत नाई. आन पानीबी मारू देत नाई तुमी.’’

सव्वापटीवर आणायचा प्रयत्न चालू आहे.